खालची लाट

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे. माझ्यात उंदीर ठेवतात आणि तो कसा श्वास घेतो ते मोजतात. हे काम मी सात वर्षं केलं.

मी पारदर्शक ऍक्रिलिकचा आहे. लांबीला वीतभर आणि वर चार बोटं, रुंदीला वीतभर. वर घट्ट बसणारं झाकण, झाकणाखाली रबराची पट्टी. एका भोकातून हवा आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते. तिसऱ्या भोकातून एक मऊ नळी निघते, टेबलाच्या कडेकडेने जाते आणि दाब मोजणाऱ्या यंत्राला मिळते. उंदराने श्वास आत घेतला की ती हवा त्याच्या अंगाच्या उबेने फुगते आणि माझ्यातला दाब केसभर वाढतो, बाहेर सोडला की केसभर उतरतो. हा केसभर फरक नळीतून यंत्राकडे जातो आणि संगणकाच्या पडद्यावर त्याची लाट दिसते. मला एवढंच येतं. पण एवढं नीट येतं.

भोसरीच्या एका शेडमध्ये ज्ञानदेव नावाच्या कारागिराने मला केलं. त्या दिवशी माझ्याआधी त्याने एका फरसाणवाल्याचं काउंटर केलं होतं. त्याने ऍक्रिलिक चिकटवायचं क्लोरोफॉर्म लावून माझे सांधे जोडले आणि मला पाण्याच्या टबात दाबून धरलं. बुडबुडे आले नाहीत. मला न्यायला आलेल्या माणसाला त्याने विचारलं, “ह्यात काय ठेवणार?”

“उंदीर.”

ज्ञानदेवने माझ्या एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “आधी सांगायचं की. कोपरे गोल केले असते.”

तिथून टेम्पोने मी शिरूरजवळच्या एका कंपनीत आलो. बरोबर ऑफिसच्या दोन खुर्च्या होत्या. त्यांना आधी उतरवलं. ही कंपनी दुसऱ्या कंपन्यांसाठी औषधांच्या चाचण्या करते. बाहेरून ती एखाद्या शाळेसारखी दिसते. आत उंदरांच्या खोल्यांना बारा महिने बावीस अंशांचा एसी आहे. माणसांच्या कँटीनमध्ये पंखा आहे, तो दोनवर चालतो.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, उंदीर म्हणजे उंदीर. तसं नसतं हे मला तात्याबांकडून कळलं. खरं तर ते सारिकाला शिकवत होते, मी ऐकत होतो.

तात्याबा उंदरांची निगा राखायचे. पिंजरे बदलणं, खाणं-पाणी, भुसा, वजनं. वय अठ्ठावन्न. गाव दौंड तालुक्यातलं खुटबाव. घराणं मेंढपाळांचं. त्यांचे वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे ते आखाड तोंडावर आला की परतायचे. पुढे कालव्याचं पाणी आलं, शेतात ऊस उभा राहिला आणि घरची मेंढरं चुलतभावाकडे गेली. तात्याबा एकोणीस वर्षांपूर्वी ह्या कंपनीत लागले. मुलाखतीत त्यांना विचारलं होतं, जनावरांचा अनुभव आहे का? ते म्हणाले होते, “दुसरा कसलाच न्हाई.” आठवड्याचे सहा दिवस ते शिरूरला खोली घेऊन राहायचे. बुधवारी काम सुटलं की खुटबावला जायचे आणि गुरुवार घरी काढून शुक्रवारी सकाळी परत यायचे.

सारिका तळेगाव ढमढेरेची. प्राणिशास्त्रात पदवी, वय सत्तावीस. घरी मेथी-कोथिंबिरीचा मळा. रोज जीपने यायची. मला जोडणं, यंत्र चालवणं, पडद्यावरची लाट वाचणं हे तिचं काम. पहिल्या दिवशी तिने उंदीर शेपटीला धरून उचलला. तात्याबा म्हणाले, “पोरी, तुला कुणी केसाला धरून उचललं तर?” तेव्हापासून ती त्यांना मामा म्हणायला लागली.

आमच्याकडे तीन तऱ्हांचे उंदीर यायचे. स्प्राग डॉले म्हणजे मोठे पांढरे. फिशर म्हणजे लहान पांढरे. ब्राउन नॉर्वे म्हणजे तपकिरी. आमच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर सत्यजीत त्यांना ‘स्ट्रेन’ म्हणतात. तात्याबा ‘वाण’ म्हणायचे.

“उसाचं कसं वेगळं बेणं आसतं, तसं हे,” ते सारिकाला सांगत. “एक वाण पान्याबिगर सुकतं, एक तग धरतं. मेंढरांतबी तेच. मंग श्वास तरी समद्यांचा सारखा कसा आसंल?”

नव्हताच. जानेवारीत जो अभ्यास लागला तो ह्याच गोष्टीचा होता. श्वासाच्या औषधांची चाचणी कुठल्या वाणावर करायची हे ठरवण्याआधी प्रत्येक वाण मुळात कसा श्वास घेतो ते कंपनीला हवं होतं. प्रत्येकी बारा, असे छत्तीस उंदीर. एकेक उंदीर तीन तास माझ्यात. आधी साधी हवा, मग कार्बन डायऑक्साइड मिसळलेली कोंदट हवा, मग पुन्हा साधी. शिवाय दुसरं एक यंत्र माझ्यातून बाहेर पडणारी हवा तपासायचं आणि उंदराच्या अंगात किती ऑक्सिजन जळला ते सांगायचं.

मोठा पांढरा उंदीर कोंदट हवा लागली की लगेच कामाला लागायचा. मिनिटाला शंभर श्वास घेणारा दीडशेच्या पुढे जायचा आणि एकेक श्वासही खोल घ्यायचा. बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. तपकिरी उंदीर त्याच हवेत बसून राहायचा. श्वास वाढायचा, पण थोडाच. जणू हवा बदलल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. बरं, त्याचं जळण कमी म्हणावं तर तसंही नव्हतं. वजनाच्या हिशेबाने दोघांच्या चुली जवळजवळ सारख्याच पेटलेल्या होत्या. धुराडं मात्र वेगळं होतं.

“हा बरा हाय की मामा,” सारिका म्हणाली. “ह्याला काय त्रासच होत न्हाई.”

“गप ऱ्हातो म्हंजी तरास न्हाई आसं नसतं,” तात्याबा म्हणाले आणि उंदराला भुशात ठेवून दिलं.

माझ्यात ठेवलेला उंदीर घाबरलेला असला तर मोजमाप वाया जातं. तात्याबा खोलीत असले की उंदीर लवकर शांत व्हायचे. ते आधी त्याला दोन्ही तळव्यांत धरून बसायचे, मग माझ्यात सोडायचे. म्हणून प्रत्येक मोजणीला ते टेबलाशेजारच्या स्टुलावर बसलेले असत. सारिका काचेपलीकडच्या खोलीत संगणकावर.

तिसऱ्या आठवड्यात सारिकाला माझ्या लाटेत काहीतरी दिसलं.

उंदराची लाट नेहमीसारखी होती, बारीक आणि भरभर. पण तिच्याखाली दुसरी एक लाट होती. संथ, रुंद. त्या लाटेवर बसून उंदराची लाट वर-खाली होत होती. सारिकाने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. लाट तिथेच.

सत्यजीत सरांनी पडद्याकडे पाहिलं. ते फार बोलत नाहीत. “चेंबर लीक होतोय,” ते म्हणाले. चेंबर म्हणजे मी. “जुना झालाय. तात्पुरतं रबर बदला. मी नवीन सेटची मागणी टाकतो.”

माझ्यावर आलेला हा पहिला आरोप. मला तोंड नसल्यामुळे मी काही बोललो नाही.

सारिकाने माझं रबर बदललं. मग तिने जे केलं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने माझी भोकं बंद केली, मला बादलीत बुडवलं आणि पाच मिनिटं बघत राहिली. बुडबुडा आला नाही. मग मला पुसून, जोडून, सिरिंजने एक मिलिलिटर हवा आत सोडली. पडद्यावर रेघ वर गेली आणि जिथे गेली तिथेच राहिली. मी हवा सोडली नाही.

“डबा चांगला हाय,” ती स्वतःशीच म्हणाली. सात वर्षांत माझ्याबद्दल कुणी बोललेलं हे सगळ्यांत चांगलं वाक्य.

मग ही लाट कुणाची? तिने मोजली. मिनिटाला अठ्ठावीस. एसीचा पंखा त्याहून कितीतरी वेगाने फिरतो. जनरेटर त्या दिवशी बंद होता. तिने मागच्या दहा दिवसांच्या नोंदी काढल्या. संथ लाट रोज होती. फक्त गुरुवारी नव्हती. गुरुवारी तात्याबा सुट्टीवर असतात.

दुसऱ्या दिवशी तिने संगणकाकडे न बघता काचेतून आत पाहिलं.

तात्याबा स्टुलावर बसले होते. मास्क हनुवटीखाली ओढलेला. दोन्ही हात कोपरापासून टेबलावर टेकलेले, खांदे कानाशी चढलेले, मान पुढे. चढ चढून आलेला माणूस बांधावर टेकतो तसे. पण ते सकाळपासून बसूनच होते. त्यांचा डावा हात टेबलाच्या कडेने जाणाऱ्या माझ्या मऊ नळीवर पडला होता. प्रत्येक श्वासाला हात दाबला जायचा, नळी दबायची आणि यंत्र इमानेइतबारे ते लिहून घ्यायचं.

मोजणी संपल्यावर सारिका आत आली आणि तिने दार लावलं.

“मामा, कधीपास्नं चाललंय हे?”

“काय?”

“दम लागतोय तुम्हाला.”

“एसीचा गारठा. घरी काय बी होत न्हाई.”

“मग इथंच का होतंय?”

तात्याबांनी उंदीर माझ्यातून काढला, पिंजऱ्यात सोडला, झाकण लावलं. 

“दीड वरीस झालं,” ते म्हणाले. “आदी नुसत्या शिंका आन् डोळं. मंग खोकला. आता छातीत मांजर बसल्यागत वाजतंय. पिंजरं बदलायच्या दिशी जास्त.”

“म्हंजी उंदरांमुळं.”

“तसं म्हनू नगं.”

“मामा, वरिष्ठांना सांगायला पाहिजे. होतं असं लोकांना. उंदरांची लघवी, केस, त्याची ऍलर्जी—”

“सारिका,” तात्याबा म्हणाले. ते तिला नेहमी पोरी म्हणायचे. “माझ्या बानं आख्खं आयुष्य मेंढरात काढलं. आज्यानं काढलं. पावसात कोकरू कांबळ्यात घिऊन निजायचे ते. आन् त्यांच्या घरात जनावर न सोसनारा मानूस निघाला, ही काय सांगायची गोष्ट हाय व्हय? धनगराच्या पोराला जनावर सोसंना? मी कुनाला तोंड दाखवू?”

कागदावर लिहिता येण्यासारखं ते कारण नव्हतं.

“हा अभ्यास पुरा हुदे,” तात्याबा म्हणाले. “बारा दिस ऱ्हायले. मंग मी आपनहून सांगतो. तवर तू गप ऱ्हा.”

मी तिथेच होतो. सारिकाने खणातून चिकटपट्टी काढली, माझी नळी टेबलाच्या कडेवरून उचलली आणि भिंतीच्या बाजूने वर चिकटवून टाकली. तिथे कुणाचा हात पोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी लाट स्वच्छ आली. नुसता उंदीर. सत्यजीत सर पडद्याकडे बघून म्हणाले, “रबराचाच प्रॉब्लेम होता.”

“हो सर,” सारिका म्हणाली.

रबराचा काही दोष नव्हता. ते बिचारं नवीनही नव्हतं, दुसऱ्या डब्याचं काढून लावलं होतं. पण लाट दिसेनाशी झाली होती, आणि जे दिसत नाही त्याची नोंद करण्याची पद्धत आमच्याकडे नाही. तात्याबा स्टुलावर तसेच बसायचे, हात तसेच टेकायचे. पहिल्या दिवशी सारिकाने काचेतून चार वेळा बघितलं. पाचव्या दिवशी ती पडद्याकडेच बघत राहिली. मला त्याचा राग नाही. माणसं अशीच करतात. ठसठसणाऱ्या दाताकडून घास दुसऱ्या बाजूला घेतात आणि जेवण चालू ठेवतात.

नववा दिवस पिंजरे बदलण्याचा होता. शंभरएक पिंजरे, जुना भुसा काढायचा, नवा भरायचा. खोलीत धूळ उडते. मी शेजारच्या खोलीत होतो, दार उघडं होतं. आधी खोकला ऐकू आला. मग पिंजरा पडल्याचा आवाज. मग खोकलाही थांबला, आणि ते जास्त वाईट होतं.

सारिका धावली. तात्याबा जमिनीवर बसले होते, दोन्ही हात पुढे टेकून. ओठ काळसर निळे. बोलायला गेले तर एकेक शब्द तुटून येत होता. “झाकण... आदी... उंदीर... सुटंल...”

पडलेल्या पिंजऱ्यातला तपकिरी उंदीर दारात उभा राहून बघत होता. सारिकाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती तात्याबांच्या काखेत हात घालून त्यांना ओढत बाहेर घेऊन गेली. तिचं वजन अठ्ठेचाळीस किलो आहे. वजनाचा काटा माझ्या शेजारीच असतो, म्हणून मला माहीत आहे. तात्याबा सत्तर किलोच्या आसपास.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. कंपनीच्या गाडीने त्यांना शिरूरच्या एका दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला, वाफ दिली. एक तास जीव इकडे की तिकडे होता, मग इकडे वळला. दुपारपर्यंत ते उशीला टेकून बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “त्यो तपकिरी सापडला का?”

सापडला होता. तो माझ्या नळीमागे जाऊन बसला होता.

सारिकाने त्यांच्या बायकोला, सिंधूबाईंना, फोन केला होता. त्या पाटसमार्गे दोन गाड्या बदलून आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, “घरी असताना खोकतात का?”

“बुधवारी येतात तवा खोकतात,” सिंधूबाई म्हणाल्या. “गुरुवारी दिस मावळंस्तवर सुकून जातो. मी म्हनायची, घरचं खाल्लं की बरं वाटतंय ह्यास्नी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका सत्यजीत सरांसमोर उभी राहिली. हे माझ्यासमोर झालं, कारण ते माझ्या टेबलापाशीच उभे होते.

“सर, चेंबर लीक नव्हता. मामांना दीड वर्षं दम लागतोय, खालची लाट त्यांची होती. त्यांचा हात नळीवर यायचा. मला कळलं होतं.”

“कधी?”

“दहा दिवसांपूर्वी.”

“मग नळी?”

“मी हलवली.”

सरांनी चष्मा काढला, एप्रनच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. तो आधीपेक्षा खराब दिसत होता.

“मला तो आकडा सांगितला असतास तर,” ते म्हणाले, “मिनिटाला अठ्ठावीस, तर मला कळलं असतं की तो माणूस आजारी आहे. मी डॉक्टर आहे. उंदरांचा का होईना.”

“हो सर.”

“आणि मी दीड वर्षं रोज त्या माणसाला नमस्कार करतोय,” ते म्हणाले. ह्यावर सारिका ‘हो सर’ म्हणाली नाही.

तिने सगळं लिहून दिलं, स्वतःच्या सहीने. लाट असलेल्या मोजण्या बाद झाल्या, आठ उंदीर पुन्हा मागवावे लागले. सारिकाला लेखी समज मिळाली. ती तिने घडी करून पर्समध्ये ठेवली. मग कंपनीने उंदरांच्या खोलीत काम करणाऱ्या सगळ्यांची फुप्फुसं तपासली. आणखी दोघांना हेच निघालं. दोघांनीही सांगितलं की त्यांना वाटलं एसीचा गारठा.

तात्याबांची तपासणी मोठ्या दवाखान्यात झाली. सारिका बरोबर गेली होती, तिने आल्यावर सांगितलं. हाताच्या आतल्या बाजूला ओळीने थेंब टाकतात, प्रत्येक थेंबावर बारीक सुई टोचतात आणि वाट बघतात. धूळ, परागकण, झुरळ, मांजर ह्यांच्या जागी काही नाही. उंदराच्या जागी रुपयाएवढी गांधी उठली.

तात्याबा त्या गांधीकडे बघत राहिले. मग डॉक्टरांना म्हणाले, “मेंढराचा थेंब हाय का?”

डॉक्टर म्हणाले, तसा थेंब आमच्याकडे नाही. तूर्त जनावरांपासून लांब राहा.

डॉक्टरांच्या मते ते साधं वाक्य होतं. तात्याबा ते वाक्य घेऊन खुटबावला गेले. कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये टेबलाचं काम देऊ केलं होतं. ते नको म्हणाले. निरोपाचा कार्यक्रम कँटीनमध्ये झाला. मला तिथे नेलं नव्हतं. तात्याबाच मुख्य दारातून आत येऊन काचेपलीकडे उभे राहिले. काचेच्या अलीकडे यायची त्यांना आता परवानगी नव्हती. त्यांनी काचेवर हात ठेवला. माझ्यात तेव्हा एक लहान पांढरा उंदीर होता. त्याचा श्वास बदलला नाही. काचेतून त्याला काही कळायचा प्रश्नच नव्हता.

मार्चमध्ये सिंधूबाईंचा सारिकाला फोन आला. त्या दिवशी मोजणी चालू होती. प्रयोगशाळेत फोन आणायला मनाई आहे. सारिकाच्या एप्रनच्या खिशात तो होता आणि स्पीकर चालू होता.

“खोकला न्हाई, दम न्हाई, समदं ब्येस हाय,” सिंधूबाई सांगत होत्या. “पन मानूस बोलत न्हाई बघ. शेळी दावनीला हाय, तिच्याकडं बघत न्हाईत. धार मलाच काढाया लावतात. आमचा शंभू, पुतन्या, मेंढरं घिऊन आलाय. शेजारच्या रानात बशिवलीत खतासाठी. रोज बोलावतोय, आप्पा या, आप्पा या. हे घरातनं खिडकी लावून घेतात. म्हनतात, मला जनावराची बंदी झालीया.”

सारिकाने त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, उंदीर सोसत नाही म्हणून मेंढरू सोसणार नाही असं काही नसतं. हे वेगळं, ते वेगळं. आता छाती साफ आहे. उघड्या रानात, श्वासाचा पंप खिशात ठेवून, कुणीतरी सोबत असताना थोडा वेळ जाऊन बघायला हरकत नाही. त्रास झाला तर लगेच मागे फिरायचं.

हे सगळं सारिकाने सिंधूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. पुढे पंधरा दिवस काहीच कळलं नाही.

मधल्या काळात अभ्यास पुरा झाला. अहवाल जाड निघाला. तीन वाण तीन तऱ्हेने श्वास घेतात, हे आता सह्यांसकट सिद्ध झालं आहे. अभ्यासातले उंदीरही संपवले. अहवालात त्यासाठी वेगळा, सौम्य शब्द आहे. आणि सरांनी मागणी टाकलेला नवा संच आला. आठ डबे, एकदम आठ उंदीर, नळ्या टेबलाच्या आतून. त्यांचे कोपरे गोल आहेत.

माझा शेवटचा दिवस मंगळवार होता. नव्या यंत्राशी पडताळा म्हणून एक नवा तपकिरी उंदीर माझ्यात ठेवला होता. साधी हवा चालू होती. दुपारचे साडेबारा झाले असतील. सारिकाचा फोन वाजला.

आधी नुसती बें बें ऐकू आली. एक नाही, पाच-पन्नास. मग कुणाचं तरी हसणं. मग तात्याबा.

“पोरी, मोज.”

“मामा? कुठं हायसा तुम्ही?”

“कुठं म्हंजी? आयकू येत न्हाई व्हय?”

“पंप हाय का खिशात?”

“खिशात कशाला? शंभू हातात धरून हुबा हाय. बंदूक रोखल्यावानी.”

“कधीपास्नं हाय तुम्ही तिथं?”

“सकाळचं नऊला आलो. आदी बांधावर बसलो. मंग मेंढरांच्या शेजारी. मंग एक कोकरू घेतलं. ते मांडीवरच निजलं, आता उठायची पंचाईत. सिंधू भाकर घिऊन आली, तीबी हितंच खाल्ली.” ते थांबले. “मला वाटतंय मी बरा हाय. पन माझ्या वाटन्यावर आता माझा इस्वास न्हाई. तू मोज.”

“एक मिनिट बोलू नका. फोन तोंडाशी धरा.”

सारिकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. खोलीत मला हवा पुरवणाऱ्या पंपाची घरघर होती, ती तिने बंद केली. असं मोजणीच्या मध्ये करत नाहीत. फोनमधून श्वास येत होता, मध्येच एखादं बें, मध्येच शंभू कुणाला तरी ‘हुर्र’ करत होता. सारिकाची बोटं माझ्या झाकणावर होती. प्रत्येक श्वासाला एक बोट उचललं जात होतं.

मिनिट झालं.

“किती?” तात्याबांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

“सोळा,” सारिका म्हणाली. मग तिने पुन्हा तेच सांगितलं. “सोळा, मामा.”

पलीकडे मेंढरं तेवढी बोलत होती. मग तात्याबांनी घसा साफ केला.

“मंग ठेव फोन,” ते म्हणाले. “मेंढरं पांगली.”

सारिकाने फोन खिशात टाकला, माझा पंप चालू केला आणि नोंदवही उघडली. आमच्या नोंदवहीत वाण, वजन, तापमान, हवेतलं प्रमाण, श्वासांची संख्या असे अकरा रकाने आहेत. खुटबावच्या रानात बसलेल्या माणसाला त्यात जागा नव्हती. तिने थोडा विचार केला, मार्कर उचलला आणि माझ्या झाकणाच्या कोपऱ्यात लिहिलं: १६. खाली तारीख घातली. सही केली. सवयच आहे.

संध्याकाळी मला साबणाने धुतलं, वाळवलं आणि जुन्या सामानाच्या कपाटात ठेवलं. तो मार्कर पाण्याने जात नाही.

तेव्हापासून मी इथे आहे. माझ्या शेजारी तुटका काटा आहे आणि दोन रिकाम्या बरण्या. कपाटाला कुलूप नाही. कधी कुणाला बिस्किटं ठेवायला किंवा रोपं लावायला डबा लागला तर मला खुशाल न्यावं, मी अजून गळत नाही. फक्त झाकणावर स्पिरिटचा बोळा फिरवू नये, एवढंच मागणं आहे. सात वर्षांत मी लाखो श्वास मोजले आणि सगळे दुसऱ्यांच्या फायलींत गेले. हे सोळा मी मोजलेले नाहीत, तरी माझ्याकडे राहिले आहेत.